आधी कीर्द, मग कॉम्प्युटर



आज मी तुमच्याशी कॉम्प्युटरविषयी बोलणार आहे. पण बिचकू नका. त्याच्या पोटात काय असते, कोणती तार कुठून कुठे जाते, हे मला धड ठाऊक नाही आणि आजच्या बोलण्याला त्याची गरजही नाही. मी पेशाने शिक्षक. तीस वर्षे खडू झिजवला, आणि त्याबरोबर गावच्या विकास सोसायटीच्या संचालक मंडळावर दोन वेळा बसलो. तिथे बसून जे पाहिले आणि पाहिल्यावर जे वाचून काढले, तेच आज सांगतो. प्रश्न साधा आहे. सोसायटी असो, दूध डेअरी असो, पतपेढी असो की साखर कारखाना असो; तिथे मोलाचे यंत्र येते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. पुढे त्या यंत्राचे पैसे वसूल होतात ते कशाने? आणि होत नाहीत ते कशामुळे?

सुरुवात आप्पांपासून करतो. आमच्या भावकीतले हे आप्पा. अडीच एकर जमीन, दोन म्हशी. सोसायटीचे पीककर्ज घ्यायचे आणि मुदतीच्या आत फेडायचे, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. मुदतीत फेडले की व्याजाची सवलत मिळते, हे तुम्हाला मी सांगायला नको. एका वर्षी हात आखडता होता, म्हणून आप्पांनी एक म्हैस विकली आणि मार्चच्या २८ तारखेला पैसे भरले. पावती घेतली, घडी घालून देवघरातल्या डब्यात ठेवली. जूनमध्ये नव्या कर्जासाठी गेले, तर सचिव म्हणाले, "आप्पा, तुम्ही थकबाकीत दिसताय."

"मी? अहो, म्हैस विकून पैसे भरलेत मी!"

"पावती खरी आहे तुमची. पण कॉम्प्युटरात १६ एप्रिल पडलीय. मुदत टळली होती."

झाले होते असे. सोसायटीत कॉम्प्युटर आलेला होता, पण खिडकीवरचे काम जुन्याच वळणाने चाले. सचिव पावती फाडत, रोजकीर्दीत लिहीत, कीर्दीवरून खतावणीत उतरवत. मग आठवड्यातून एकदा, कधी पंधरवड्यातून, तालुक्याहून एक मुलगा येई आणि साचलेल्या पावत्या कॉम्प्युटरात भरी. ज्या दिवशी भरी, त्या दिवसाची तारीख पडे. आप्पांचे पैसे २८ मार्चला आले. यंत्राच्या लेखी ते १६ एप्रिलला आले.

कागद तालुक्याला गेले, तिथून जिल्ह्याला गेले. दुरुस्ती व्हायला सात आठवडे लागले. मृगाचा पाऊस काही सोसायटीच्या कागदांसाठी थांबत नाही. आप्पांनी बीखतासाठी बाहेरून शेकडा तीन रुपये महिन्याने पैसे उचलले. म्हैस गेली ती गेलीच, वर हे व्याज.

मंडळाच्या बैठकीत विषय निघाला. मी विचारले, "चूक कुणाची?" कुणीतरी म्हणाले, "कॉम्प्युटरची." सगळ्यांना बरे वाटले, कारण कॉम्प्युटर उलट बोलत नाही. पण घरी येऊन विचार केला तेव्हा उमगले, की यंत्राने काहीच चूक केली नव्हती. त्याला जे सांगितले ते त्याने इमानाने लिहून ठेवले. चूक आमची होती. आम्ही यंत्र आणले, पण काम होते तसेच ठेवले. पावती, कीर्द आणि खतावणी ही लिहिण्याची तीन ठिकाणे होती; त्यांत चौथ्याची भर पडली, एवढाच काय तो फरक.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. त्यात एक हकीकत अशी सापडली की ती तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. ती आहे लंडनची, आणि चहाच्या दुकानांची.

लंडनमध्ये जे. लायन्स नावाची एक कंपनी होती. चहा, पाव, केक आणि आइस्क्रीम विकणारी. एके काळी तिची दोनशेच्या वर चहाची दुकाने होती. धंदा मोठा, पण पैशापैशाचा. एक कप चहामागे, एका पावामागे सुटून सुटून किती सुटणार? आणि त्या प्रत्येक कपाचा, प्रत्येक पावाचा हिशेब तर ठेवायलाच हवा. म्हणजे नफा पैशाचा आणि तो मोजायला कारकुनांची फौज! आपल्याकडे अर्धा लिटर दूध घालणाऱ्या बाईचा हिशेब ठेवताना डेअरीची जी अडचण होते, तीच ही.

या कंपनीने १९२३ साली जॉन सिमन्स नावाचा एक तरुण नोकरीवर घेतला. हा केंब्रिजचा रँग्लर. आपल्या रँग्लर परांजप्यांमुळे तो शब्द मराठी माणसाला परका नाही. आता रँग्लराने चहाच्या कंपनीत करायचे काय? सिमन्सने एकच ध्यास घेतला : कचेरीतला प्रत्येक कागद कुठून निघतो, कुणाकुणाच्या हातून जातो आणि शेवटी कुणाच्या उपयोगी पडतो, याचा माग काढायचा. १९३२ साली कंपनीने याच कामासाठी एक वेगळी शाखा काढली. कामाची पद्धत तपासायची, फुकटचे कागद बंद करायचे, दोनदा होणारे लिखाण एकदाच व्हावे अशी व्यवस्था लावायची, हेच तिचे काम. साल ध्यानात ठेवा, १९३२. कॉम्प्युटर तेव्हा जन्मालाही आलेला नव्हता.

पुढे १९४७ साली कंपनीने आपली दोन माणसे अमेरिकेला धाडली, कचेरीच्या कामात नवे काय चालले आहे ते बघायला. तिथे त्यांना विजेवर चालणाऱ्या गणकयंत्रांची माहिती मिळाली. शास्त्रज्ञ त्यावर गणिते सोडवत होते. ही दोघे मात्र मनात म्हणाली, की यावर पगारपत्रक का होऊ नये? मौज अशी, की त्यांना अमेरिकेतच सांगण्यात आले : तुमच्या घराशेजारी केंब्रिजमध्येच असे यंत्र बांधले जात आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसे झाले! कंपनीने केंब्रिज विद्यापीठाला ३,००० पौंड दिले आणि आपला एक माणूस मदतीला दिला. ते यंत्र मे १९४९ मध्ये चालू झाले. मग त्याच धर्तीवर कंपनीने स्वतःचे यंत्र स्वतःच बांधले, कारण धंद्याच्या कामाचे यंत्र त्या वेळी विकत मिळतच नव्हते. त्याचे नाव लिओ. जुन्या रेडिओत असत तसले सुमारे सहा हजार व्हॉल्व्ह त्यात होते. एक मोठी खोली भरून गेली होती. आज तुमच्या खिशात जो साधा मोबाइल आहे, त्याच्यापुढे लिओची शक्ती काडीएवढीही नव्हती. तरी १९५१ साली त्याच्यावर बेकरीच्या मालाचा हिशेब होऊ लागला. धंद्याचे नेहमीचे काम नेमाने कॉम्प्युटरवर करून घेणारी जगातली पहिली मंडळी ही. चहावाले!

पुढची गोष्ट अधिक शिकण्यासारखी आहे. त्यांना पगाराचे काम यंत्रावर न्यायचे होते. एका माणसाचा पगार काढायला मुरलेल्या कारकुनाला आठ मिनिटे लागत. लिओला दीड सेकंद. एवढा फरक दिसल्यावर आपण काय केले असते? दुसऱ्याच दिवशी वह्या माळ्यावर! त्यांनी तसे केले नाही. व्हॉल्व्ह मधेच जळतात हे त्यांना ठाऊक होते. कामगाराचा पगार एक दिवस जरी चुकला तरी त्याच्या घरात चूल पेटायची पंचाईत, हेही ठाऊक होते. म्हणून यंत्राचा पगार आणि कारकुनांचा पगार काही काळ दोन्ही काढून ताडून पाहिले. खात्री पटली, तेव्हाच १९५४ साली यंत्राच्या हिशेबावर पगार वाटायला सुरुवात झाली. उतावळेपणा नाही, आणि भीतीने हात आखडणेही नाही.

त्याच साली चहाच्या दुकानांच्या मागणीचे काम यंत्रावर गेले, आणि इथे सिमन्सच्या माणसांनी खरी करामत केली. रोज प्रत्येक दुकानाला उद्यासाठी किती पाव, किती केक लागणार ही मागणी मुख्य कचेरीत यायची. प्रत्येक दुकानातली व्यवस्थापक बाई रोज सगळी यादी लिहून काढी. त्यांनी विचार केला, की सोमवारची मागणी बहुतेक गेल्या सोमवारसारखीच असते. मग रोज पूर्ण यादी कशाला? प्रत्येक वाराची ठरावीक यादी यंत्रातच ठेवली. दुकानातल्या बाईंनी फक्त फरक सांगायचा : "आज वीस पाव जास्त, केक पाच कमी." ठरल्या वेळी मुख्य कचेरीतून दुकानाला टेलिफोन जाई, आणि ऐकणारी मुलगी ऐकता ऐकताच तो फरक कार्डावर टोचून घेई. ते कार्ड थेट यंत्रात. मध्ये दुसरा कागद नाही, दुसरे लिखाण नाही.

श्रोतेहो, थोडे थांबून विचार करा. फायदा कशाने झाला? यंत्र जोरात चालते म्हणून? ते तर खरेच. पण मोठा फायदा झाला तो यादी लिहिणेच संपले म्हणून. माहिती जिथे उपजते तिथेच ती एकदा नोंदली गेली, आणि ज्या बाईला दुकानाची खरी गरज ठाऊक, तिच्याच तोंडून नोंदली गेली. आता आमच्या सोसायटीकडे वळून बघा. आप्पांची माहिती खिडकीवर उपजली, आणि यंत्रापर्यंत पोचायला तिला एकोणीस दिवस लागले.

शिक्षकमित्रांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट. हे यंत्र चालवायला, त्याला कामाच्या सूचना लिहून द्यायला लायन्सने माणसे कुठून आणली? बरीचशी आपल्याच कचेऱ्यांतून. १९५२ साली त्यांनी नोकरांसाठी एक छोटा वर्ग घेतला आणि त्यातून माणसे निवडली. मेरी कूम्ब्स नावाची एक तरुणी त्यात वर निघाली. तिची पदवी फ्रेंच भाषेची. गणिती म्हणून तिचे नाव नव्हते. धंद्याच्या कॉम्प्युटरसाठी सूचना लिहिणाऱ्या पहिल्या स्त्रियांत आज तिचे नाव आदराने घेतात, आणि पुढे ती शाळेत शिक्षिकाही झाली. तात्पर्य, ज्याला काम नीट कळते आणि जो नेटकेपणाने विचार करतो, त्याला यंत्र शिकवता येते. यंत्र कळणाऱ्या परक्या माणसाला गावचे काम शिकवण्यापेक्षा हे पुष्कळ सोपे.

पण गोष्ट पुरी सांगायची तर शेवटही सांगायला हवा. लायन्सने पुढे लिओ दुसऱ्यांनाही विकायला काढला, त्यासाठी वेगळी कंपनी स्थापली. १९६३ साली ती दुसऱ्या मोठ्या कंपनीत मिसळून टाकली. आणि १९७८ साली खुद्द लायन्सच दुसऱ्याच्या मालकीची झाली. कर्जे अंगावर आली होती. तेव्हा यंत्र उत्तम असले म्हणून धंदा तरतोच असे नाही. यंत्र हिशेब नीट दाखवते. तो बघून शहाणपणाने वागायचे की नाही, हे शेवटी माणसाच्याच हाती.

आता लंडनहून घरी येऊ. तुमच्यापैकी पुष्कळ जण पहाटे डेअरीवर दूध घालत असाल. जुने दिवस आठवा. मापाने दूध मोजायचे, नमुना बाटलीत ठेवायचा, मग आम्ल घालून, नळ्या गरगर फिरवून फॅट काढायची. आकडा वहीत पडे, आणि दूध घालणाऱ्याला तो कळे कधी? पुष्कळदा बिल हाती आल्यावर. "माझ्या म्हशीची फॅट एवढी कमी कशी?" यावरून किती भांडणे झाली, याची मोजदाद नाही. आता पुष्कळ डेअऱ्यांत विजेचा काटा आहे, फॅट सांगणारे यंत्र आहे, दोन्ही कॉम्प्युटरला जोडलेले. भांडे ओतले की वजन, फॅट, दर, रक्कम, सगळे एका चिठ्ठीवर छापून लगेच हातात. इथे यंत्राने वेळ वाचवला हे खरे, पण त्याहून मोठी कमाई म्हणजे विश्वास. आकडा घालणाऱ्यासमोर उपजतो आणि त्याच्यासमोरच कागदावर येतो. मात्र एक लक्षात घ्या. आकड्याची पाटी आतल्या बाजूला वळवून ठेवली असेल, यंत्र वेळच्या वेळी धुतले आणि तपासले जात नसेल, तर तीच डेअरी, तेच यंत्र, आणि भांडणही तेच. उलट आता भांडायलाही सोय नाही, कारण "मशीनच सांगतंय" म्हटले की माणूस गप्प बसतो.

याच आपल्या मुलखातली दुसरी गोष्ट वारणेची. कोल्हापूर जिल्ह्यातले वारणानगर. तात्यासाहेब कोऱ्यांनी सहकारातून उभे केलेले हे गाव तुम्हाला परिचयाचे आहे. १९९८ साली तिथे केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी समूह यांनी मिळून एक मोठा प्रयोग सुरू केला. कोल्हापूर-सांगली भागातल्या सुमारे सत्तर गावांसाठी गावोगाव कॉम्प्युटरची केंद्रे काढायची. त्यांवर शेतकऱ्याला बाजारभाव कळतील, पिकांची माहिती मिळेल, सरकारी योजना समजतील, इंटरनेटही मिळेल, असा मोठा विचार होता. विचार वाईट मुळीच नव्हता.

पुढे काही वर्षांनी अभ्यासकांनी जाऊन पाहिले, की शेतकरी ही केंद्रे कशासाठी वापरतात. तर मुख्यतः आपल्या उसासाठी! माझा ऊस किती टन गेला, तोडीची चिठ्ठी निघाली का, खताची उचल किती झाली, खात्यावर काय जमा, काय नावे. बाकीच्या गोष्टी जवळपास बाजूला पडल्या होत्या. मग प्रश्न आला, की एवढ्यासाठी गावोगाव कॉम्प्युटर, त्याची वीज, त्याची दुरुस्ती हे सगळे हवेच का? २००६-०७ च्या सुमारास सात गावांत वेगळा प्रयोग झाला. गावातल्या कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाइल. शेतकऱ्याने ठरावीक खुणेचा एसएमएस पाठवायचा. मध्यवर्ती कचेरीतला कॉम्प्युटर तो वाचून उलट एसएमएसने उत्तर देई. उसाचे टन, खताची उचल, सगळे हातातल्या फोनवर. शेतकऱ्यांना ते आवडले. स्वस्तही पडले.

यातून मी दोन गोष्टी शिकलो. पहिली ही, की माणसाला खरोखर काय हवे आहे ते आधी त्यालाच विचारावे. उसाचे टन आणि तोडीची चिठ्ठी हीच त्याची निकड होती, कारण त्याचे वर्षाचे पोट त्यावर. दुसरी ही, की मोठे आणि नवे यंत्र म्हणजे चांगले यंत्र, असे समीकरण नाही. काम भागवते ते चांगले. विहिरीला पाणी पाच अश्वशक्तीचे असताना दहाचा पंप बसवणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते तुम्हीच सांगा.

हे सगळे आजच सांगण्याचे कारण आहे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांना, म्हणजे आपल्याच विकास सोसायट्यांना, कॉम्प्युटर देण्याची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सगळीकडे एकसारखी हिशेबाची पद्धत यावी, सोसायटीचा हिशेब जिल्हा बँकेशी जोडला जावा, असा तिचा हेतू. म्हणजे हा विषय कुणा दूरच्या शहराचा राहिलेला नाही. तो तुमच्या चावडीशेजारच्या दोन खोल्यांत येऊन बसला आहे, किंवा येऊ घातला आहे. यंत्र सरकार देईल. पण आपली कीर्द सरळ करून देणे सरकारला जमणार नाही. ते घरचे काम घरच्यांनीच करायचे.

म्हणून सोसायटीच्या वार्षिक सभेत जाल तेव्हा चहा पिऊन परत येऊ नका. हात वर करा आणि पाच प्रश्न विचारा. मी मंडळावर होतो, म्हणून सांगतो, प्रश्न विचारणारा सभासद बसला असेल तर मंडळ आपोआप नीट वागते.

पहिला प्रश्न. खिडकीवर पैसे भरले की यंत्रात नोंद कधी होते? त्याच क्षणी होत नसेल, तर का नाही?

दुसरा. एकच गोष्ट किती ठिकाणी लिहिली जाते? यंत्र आल्यावर कोणते लिखाण बंद झाले? काहीच बंद झाले नसेल, तर यंत्राचा खर्च वाढला आणि फायदा शून्य, असे समजा.

तिसरा. जुन्या बाक्या यंत्रात भरण्यापूर्वी सभासदांना दाखवल्या होत्या का? वहीतली चूक यंत्रात गेली की ती छापून येते, आणि छापलेल्या चुकीला लोक खरे मानतात. बाक्यांची यादी नोटीस फलकावर लावून चालायचे नाही, ते कुणाचे खाते जगाला दाखवणे होईल. प्रत्येकाला त्याचा त्याचा उतारा द्यावा, आणि बरोबर असल्याची सही घ्यावी.

चौथा. वीज गेली, लाइन गेली, यंत्र बिघडले तर त्या दिवशी काम कसे चालते? आणि सगळ्या हिशेबाची दुसरी प्रत कुठे ठेवली आहे? एकाच कपाटात यंत्र आणि त्याची प्रत ठेवणे म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच दोरीला बांधणे.

पाचवा, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. या कामाचा धनी कोण? तालुक्याहून येणारा मुलगा धनी होऊ शकत नाही. तो आज येतो, उद्या दुसरी नोकरी धरतो. यंत्र विकणारा तर नाहीच. आपल्या गावातला एक माणूस, पगारी असो वा संचालकांपैकी असो, त्याने म्हणायला हवे : हिशेब चुकला तर मला विचारा. त्याचा संकेतशब्द त्याच्यापाशीच हवा. भिंतीवर खडूने लिहिलेला नको, जसा मी एका ठिकाणी डोळ्यांनी पाहिला आहे!

शिक्षकमित्रांनो, तुम्हाला वेगळी विनंती. मुलांना कॉम्प्युटर शिकवताना आपण बटणे शिकवतो, चित्र काढायला शिकवतो. तेही असू द्या. पण आठवीच्या वर्गाला एकदा असा पाठ द्या : घरातली कोणतीही एक पावती आणा. दुधाची, विजेची, सोसायटीची. तिचा प्रवास वहीत काढा. ही पावती कुणी लिहिली, कशावरून लिहिली, पुढे ती कुठे जाते, आणि वाटेत ती कुठे अडकू शकते? मी हा पाठ घेतला आहे. एका मुलीने डेअरीच्या चिठ्ठीचा प्रवास काढताना लिहिले होते, "इथे माझी आई थांबते, कारण आकडा तिला दिसत नाही." यंत्र बसवणाऱ्या मोठ्या माणसांना जे सुचले नव्हते, ते तेरा वर्षांच्या पोरीला दिसले. दुसऱ्या आठवड्यात तिचे वडील डेअरीवर गेले आणि पाटी बाहेरच्या बाजूला फिरली. खर्च काहीच नाही.

आता आप्पांचे काय झाले, ते सांगून पुरे करतो. आमच्या मंडळाने उशिरा का होईना, काम बदलले. तालुक्याच्या मुलाचे येणे बंद केले. गावातल्याच एका बारावी झालेल्या सुनेला दोन महिने शिकवून खिडकीवर बसवले. सचिव शेजारी बसत, ती नोंद करी. तीन महिने कीर्द आणि कॉम्प्युटर दोन्ही ठेवले. रोज संध्याकाळी दोन्हींची बेरीज ताडून पाहायची, रुपयाचा फरक असला तरी दिवा मालवायचा नाही, असा नियम केला. पहिल्या महिन्यात अकरा वेळा फरक निघाला. गंमत म्हणजे त्यातले सात फरक कीर्दीतले निघाले! तिसऱ्या महिन्यात एकही नाही. तेव्हा कुठे खतावणीचे हाताचे लिखाण थांबवले.

पुढच्या मार्चमध्ये आप्पा पैसे भरायला आले. पावती छापून निघाली. आप्पांनी ती घेतली, पण खिडकी सोडेनात. मागे रांग लागली.

सूनबाई म्हणाली, "मामा, झालं तुमचं."

आप्पा म्हणाले, "थांब पोरी. आधी तारीख वाच मोठ्यानं."

तिने वाचली. बरोबर होती. आप्पांनी पावतीची घडी घातली आणि मगच ते बाजूला झाले. त्या दिवसापासून आमच्या सोसायटीत एक रीत पडली आहे. नोंद झाली की सूनबाई तारीख आणि रक्कम मोठ्याने वाचते, आणि सभासदाने "हो" म्हटल्यावरच पुढच्याचा नंबर. ही रीत कुठल्या नियमाच्या पुस्तकात नाही, आणि तिला मिनिटभर जास्त लागते. पण तेव्हापासून आमच्याकडे कुणाची म्हैस फुकट गेलेली नाही.

तुमच्या गावीही अशी एखादी रीत पडो.